गवताचं वचन

त्या वर्षी आमच्या डोंगरात ऐन गवत कापायच्या दिवसांत पाऊस येऊन बसला आणि उठायचं नाव घेईना. सकाळी धुकं, दुपारी घटकाभर ऊन दाखवून फसवायचं, आणि माणूस दाताळं खांद्यावर टाकून कुरणावर पोचला की पुन्हा रिपरिप सुरू. ज्यांनी कापलं त्यांचं जमिनीवर काळं पडलं. ज्यांनी कापलं नाही त्यांचं उभ्या उभ्या आडवं झालं. तेओफिलने कापलं होतं.

त्याचं कुरण एकच. आमच्या प्रार्थनाघराच्या समोरच्या डोंगरावर, इतक्या चढावर की यंत्र तिथे चढत नाही. लांब दांड्याच्या विळ्याने कापायचं, दाताळ्याने उलथायचं, वाळलं की मधे खांब रोवून त्याच्याभोवती गंजी रचायची. त्याचा मुलगा सामुएल स्पेनला विटा रचायला गेल्यापासून हे सगळं नवराबायकोवर पडलं होतं. तेओफिलची साठी जवळ आलेली. सावेता त्याच्याहून थोडी लहान, पण तिचा डावा खुबा कामातून गेलेला. चढावर ती आधी काठी टेकायची, मग पाय ओढून घ्यायची.

घरात दहाबारा मेंढ्या आणि एक गाय होती. गुरुवारी जन्मली म्हणून झोयाना. आमच्याकडे गाईंची नावं अशीच वारावरून ठेवतात. तिची आई वितानाच मेली होती आणि सावेताने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती आता गाभण होती. बर्फ एकदा पडलं की वसंतापर्यंत गाय गंजीवर जगते. गंजी नसेल तर शरद ऋतूत व्यापाऱ्याचा ट्रक येतो आणि गाय चढवून नेतो. मागच्या वर्षीचं गवत पार संपलं होतं. सावेताने नवऱ्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की ट्रक आला तर गाईला दोरी तू लावायची, मी घरात थांबणार नाही.

आणि नेमकं याच दिवसांत तेओफिलच्या नशिबात वचन आलं.

आम्ही गावातले पश्चात्तापी. म्हणजे गाव आम्हाला त्या नावाने चिडवतं आणि आम्हीही आता तेच म्हणतो. आमच्या मंडळीला स्वतःचा पास्टर नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक पास्टर खालच्या शहरातून येतो, प्रभुभोजन देतो आणि जातो. बाकीचे रविवार मंडळीचे वडील इलारीभाऊ सांभाळतात. शास्त्रातला एक उतारा घेऊन त्यावर कोणी बोलायचं, म्हणजे वचन कोणी सांगायचं, हे तेच ठरवतात. तेओफिलला त्यांनी कधी उभं केलं नव्हतं. तो अडखळतो. जीभ एका शब्दाला चिकटते आणि सुटता सुटत नाही. पण त्याच्याइतकं शास्त्र वाचणारा माणूस आमच्यात दुसरा नव्हता. हातपेटी वाजवणारा कालचा पोरगा वचन सांगायला उभा राहायचा आणि तेओफिल खाली बसून ऐकायचा. ऐकताना त्याचे ओठ हलत असायचे.

यंदा इलारींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याला जुलैतला एक रविवार दिला. उताराही दिला. चिंता करू नका, रानातल्या फुलांकडे बघा, आज आहे आणि उद्या चुलीत जाणार त्या गवतालाही देव सजवतो, तो तुम्हाला विसरेल का. इलारी वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगतो. पण त्यांची कुरणं नदीकाठी सपाटीला आहेत, त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि पाऊस लागायच्या आधीच त्यांचं गवत गठ्ठे बांधून छपराखाली गेलेलं होतं. अशा माणसाला चिंता करू नका हे वचन सुचायला वेळ लागत नाही.

तेओफिलला त्यातला टोमणा दिसला नाही. तो हरखून गेला होता. कुरणाचा वरचा तुकडा कापायचा राहिला होता, तो कापताना त्याने वचनाची तयारी केली. विळा फिरवताना एक वाक्य, पाय पुढे टाकताना दुसरं. विळ्याच्या लयीत बोललं की त्याची जीभ अडत नसे. देव गवताला, विळा सर्रकन, सजवतो, पुन्हा सर्रकन. सावेता मागून ओलं गवत झाडत यायची आणि ऐकायची. एकदा तिने विचारलं की देवाने सजवलेलं हे गवत वाळवायची जबाबदारी कोणावर टाकली आहे, तेही तुझ्या वचनात आहे का. तो हसला नाही. गोठ्यात धार काढायचं कामही त्या आठवड्यात त्याने आपल्याकडे घेतलं, कारण तिथे म्हणून बघता येत होतं. झोयानाने ते वचन जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा आमच्यात कोणी ऐकलं नसेल.

शनिवारी दिवसभर दोघांनी ओळी उलथल्या. वरचं थोडं सुकलेलं, खालचं पिवळं, चिकट, आंबूस वासाचं. दाताळ्याच्या लाकडी दातांत ते अडकायचं आणि दात मोडायचे. सावेताच्या मानेवर गवताचं बी चिकटून पुरळ उठलं होतं. संध्याकाळी पश्चिमेचं आभाळ एकदम मोकळं झालं. ग्लिगोर कुंपणापाशी उभा होता. हा त्यांचा शेजारी, सत्तरीचा विधुर, आमच्यातला नाही. तो जुन्या पंथाच्या देवळाचा, आणि तिथेही ईस्टरपुरताच. त्याच्या कोटाच्या खिशात आलुबुखाराच्या दारूची बाटली कायम असते. आपले गुडघे दुखायचे थांबलेत म्हणजे उद्या दुपारपर्यंत कडक ऊन आहे आणि त्यानंतर काही खरं नाही, असं त्याने सांगितलं.

घरी आल्यावर मक्याच्या पिठाची मामालिगा आणि आंबट दूध समोर ठेवून सावेता म्हणाली, "उद्या ऊन पडणार."

"उद्या रविवार आहे."

"वार मला माहीत आहे. मी उन्हाचं बोलते."

"सोमवारी बघू."

"सोमवारी काय बघणार? खालून कुजत चाललंय ते. उद्या दुपारच्या आत गंजीवर चढलं नाही तर शेणात जाईल."

तेओफिलने मामालिगेचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "उद्या मी वचन सांगायला उभा राहणार आणि माझी बायको डोंगरावर दाताळं मारणार? समोरच्या खिडकीतून सगळं दिसतं."

"मग वचन आटोप आणि तूही ये. दोघं असलो तर होईल. एकटीने गंजी रचता येत नाही, हे तुला सांगायला नको."

गंजी एकट्याने रचता येत नाही हे खरंच आहे. एकाने वर उभं राहून खांबाभोवती गवत तुडवत फिरायचं, दुसऱ्याने खालून लांब दांड्याच्या काट्याने उचलून द्यायचं. वरचा नसेल तर गवत भुसभुशीत राहतं आणि पाणी आत मुरतं. ताट तसंच ठेवून तेओफिल गोठ्यात गेला.

रविवारी असं ऊन पडलं की डोंगरावरून वाफ निघत होती. सावेताने नवऱ्याचा पांढरा सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. कोटाच्या मागच्या बाजूचा धागा तिने दाताने तोडला. मग तिने रविवारचा काळा रुमाल न बांधता कामाचा ठिपक्यांचा बांधला. तेओफिलने ते पाहिलं. तो फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि एकटाच खाली निघाला.

आमच्या प्रार्थनाघरात पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे, आणि दोन्ही बाजूंना समोरची मोठी खिडकी दिसते. बांधणाऱ्यांनी ती देवाची सृष्टी दिसावी म्हणून ठेवली होती. गाणी झाली. इलारींनी तेओफिलला पुढे बोलावलं. त्याने उतारा वाचला तो सरळ, कुठेही न अडता. बोलायलाही सुरुवात चांगली केली. माणूस उद्याच्या भाकरीची काळजी करतो आणि आजचा देव त्याच्या शेजारी बसलेला असतो, असं काहीतरी तो म्हणाला आणि मला ते आवडलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या अनिशोआराने डोळे पुसले.

मग लोकांची तोंडं खिडकीकडे वळायला लागली.

समोरच्या उतारावर सावेता ओळी ओढून ढीग करत होती. एवढंच असतं तर कदाचित निभावलं असतं. पण थोड्या वेळाने कुंपणावरून ग्लिगोर आला. खांद्यावर काटा, चाल नेहमीसारखी तिरकी. सावेताने खांबाला धरून ढिगावर पाय दिला आणि ती वर चढली. तो खालून उचलून द्यायला लागला. ती खांबाला एका हाताने धरून गोल गोल तुडवत होती, घागरा गुडघ्यापर्यंत खोचलेला. एवढ्या लांबून तिचा खुबा दुखतो हे काही दिसत नव्हतं. बायकांच्या बाजूला कोणीतरी हसू दाबलं.

तेओफिलनेही वळून पाहिलं. तो तेव्हा गवतावर आला होता. देव गवताला, म्हणाला आणि थांबला. गवताला. पुन्हा गवताला. त्याचा गळा फुगला, उजवा हात आपोआप विळा फिरवल्यासारखा बाजूला गेला, आणि पोरं फिदीफिदी हसली. इलारी खाकरले. शेवटी तेओफिलने प्रभू आपल्या वचनाला आशीर्वाद देवो एवढं कसंबसं म्हटलं आणि जागेवर येऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. बाहेर पडताना त्याला कोणी वचनाबद्दल काही बोललं नाही. दोघातिघांनी आज ऊन छान पडलंय एवढंच म्हटलं, आणि तेही हसून.

तो घरी गेला आणि कोट न काढता ओट्यावर बसून राहिला. तिथूनही कुरण दिसतं. एक गंजी उभी झाली, टोकावर फांद्या बांधल्या गेल्या, दुसरीचा खांब रोवला गेला. तेओफिल हलला नाही. त्याला जायचं होतं आणि जाऊ पाहणाऱ्या पायांचा राग येत होता, असं त्याने पुढे मला सांगितलं. जेवणवेळ टळल्यावर ढग चढले. दुसरी गंजी कंबरेएवढी होत होती तेव्हा पाऊस आला, आणि तो रविवारचा राग काढल्यासारखा आला.

सावेता भिजून खाली आली. ग्लिगोरची कंबर धरली होती, त्याला आधी त्याच्या घरी पोचवून आली. पाय ओढत ओट्याची पायरी चढली आणि भिंतीला टेकली.

"एक झाली," ती म्हणाली. "दुसरी अर्धी राहिली. तू आला असतास तर तीही झाली असती."

"मी तिथे गवतावर अडकलो," तेओफिल म्हणाला. "सगळ्यांसमोर. तुझ्यामुळे."

"मीपण गवतावरच अडकले होते. मला हसायला लोक नव्हते एवढंच."

एका गंजीवर मेंढ्या निघाल्या असत्या, गाय नाही. दुसरी अर्धी गंजी आठवड्याभरात आतून तापली. हात घातला तर चटका बसायचा. सावेताने ती उकरून पसरली, पण आतलं गवत तंबाखूसारखं झालेलं होतं आणि झोयानाने त्याला तोंडही लावलं नाही. आता एकच आशा होती. कापलेल्या कुरणावर पुन्हा फुटणारं दुसरं गवत, जे उन्हाळ्याच्या शेवटी कापतात. ते साधलं तर गाय राहील, नाही तर ट्रक.

बुधवारी इलारी आणि मंडळीचे आणखी एक वडील त्यांच्या घरी गेले. इलारी हळू आवाजात बोलतात, समोरच्याचा हात हातात घेऊन. त्यांनी सावेताला प्रभूचा दिवस, मंडळीची साक्ष आणि गावात झालेली चर्चा सगळं सांगितलं. परका पुरुष खाली आणि आपली बहीण वर, हेही सांगितलं. सावेता म्हणाली ग्लिगोरदादा सत्तरीचा आहे आणि त्याला गंजीखेरीज कशावर चढायचं सुचत असेल असं तिला वाटत नाही. दुसरे वडील खाली बघायला लागले. मग तिने शास्त्रातलंच काढलं. बैल शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी विहिरीत पडला तर काढायचा, असं प्रभूच म्हणाला ना?

"म्हणाला," इलारी म्हणाले. "पण तुझी गाय विहिरीत पडली नव्हती, सावेता."

"फेब्रुवारीत पडेल. तेव्हा काढायला याल का, इलारीभाऊ?"

त्यावर इलारींनी तिचा हात सोडला. ठरलं ते असं. सावेताने मंडळीसमोर उभं राहून देवाची आणि मंडळीची क्षमा मागायची. मागेपर्यंत तिला प्रभुभोजन नाही. तेओफिलचा दोष नाही, पण ज्याचं घर ताळ्यावर नाही त्याने वचन सांगायला उभं राहू नये, म्हणून त्याचं नाव सध्या बाजूला. सध्या म्हणजे कधीपर्यंत, हे त्याने विचारलं. बहीण क्षमा मागेल त्यावर आहे, असं उत्तर मिळालं. म्हणजे गाठ मारली ती नवराबायकोच्या मधोमध, आणि दोन्ही टोकं त्यांच्याच हातात देऊन पाहुणे निघून गेले.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पास्टर आला. प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी बाकांवरून हातोहात फिरते. सावेताच्या डावीकडच्या बाईने थाळी तिच्या पुढून हात लांब करून उजवीकडच्या बाईला दिली. थाळीचा काठ सावेताच्या नाकाखालून गेला. पुरुषांच्या बाजूला तेओफिलने आपला तुकडा घेतला. त्याला घ्यायचा हक्क होता. पण सावेता त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याने तो तुकडा इतका वेळ चघळला की मला वाटलं आता गिळतच नाही. घरी जाताना ती पुढे आणि तो मागे असे चालले.

त्यानंतरचे दिवस त्या घरात कुढत गेले. दुसरं गवत मऊ आणि बुटकं असतं, त्याला विळा अगदी धारेचा लागतो. तेओफिल सकाळी अंगणात ओंडक्यावर रोवलेल्या लहान ऐरणीपुढे पाय पसरून बसायचा आणि पात्याची कड हातोडीने ठोकून पातळ करायचा. ते काम शांत डोक्याचं आहे. हातोडी हलकी पडायला हवी आणि एका रेषेत. एकदा सावेता बादली घेऊन जात असताना तो मान वर न करता म्हणाला, "दोन शब्द आहेत. बोलून टाक ना. देवालाही कळेल तोंडदेखले आहेत ते."

"देवाला कळेल म्हणूनच बोलत नाही."

"मला एकदा तरी तिथे नीट उभं राहायचं होतं गं. एकदा. आयुष्यभर दुसऱ्यांची बडबड ऐकली मी."

"आणि मला गाय ठेवायची होती," सावेता म्हणाली. "मी तुझ्या वचनाच्या आड आले नाही. तू माझ्या गवताच्या आड आलास."

तेओफिलने हातोडी अशी मारली की पात्याला चीर गेली. चांगलं पातं होतं, त्याच्या वडिलांच्या वेळचं. तो त्या चिरेकडे बघत बसला आणि मग जुनं बोथट पातं दांड्याला बांधायला उठला. त्या पात्याने त्याला कुरण कापायला दुप्पट दिवस लागले. दर दोन हातांवर थांबायचं, कंबरेला अडकवलेल्या टिनाच्या डब्यातून धारेचा दगड काढायचा, घासायचं, पुन्हा वाकायचं. या वेळी तो विळ्याच्या लयीत काही म्हणत नव्हता. सावेता मागून पसरत यायची. दुपारी दोघं वेगवेगळ्या सावलीत बसून कांदा आणि चीज खायचे. मी खालच्या वाटेने गेलो की हात करायचे, दोघं वेगवेगळे.

ग्लिगोर त्या गंजीच्या रविवारपासून अंथरुणातच होता. सावेता रोज त्याला सूप नेऊन द्यायची. हेही गावाने बोलून घेतलं. मंडळीतलं कोणी कुरणाकडे फिरकलं नाही. मंडळीने शिस्त लावलेल्या घरी उगाच जाऊ नये असा काही नियम नाही, पण लोकांना तो सोयीचा वाटला. माझं म्हणाल तर मला त्या दिवसांत सगळ्यांचाच संताप येत होता, आणि तो मीही इतरांसारखा घरात बसूनच करत होतो.

दुसरं गवत कापून झालं आणि पुन्हा दोन दिवस झिमझिम. शनिवारी वारा सुटला, दोघांनी सगळं उलथून मोकळं केलं. रविवारी सकाळी ऊन होतं, आणि दक्षिणेला, दरीच्या तोंडाशी, काळी कड दिसत होती.

सावेताने काळा रुमाल बांधला. तेओफिलने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. खाली येताना त्याने तिच्या हातातली शास्त्राची पिशवीसुद्धा आपल्याकडे घेतली. इलारींनाही बरं वाटलं. त्यांनी दारातच तिला सांगितलं की प्रार्थनेनंतर तुला पुढे बोलावतो, घाबरू नकोस, थोडक्यात बोल.

वचनाआधी आम्ही प्रार्थनेला गुडघे टेकतो. फळ्यांच्या जमिनीवर, बाकाकडे तोंड करून, डोळे मिटून. मग ज्याला वाटेल त्याने मोठ्याने प्रार्थना करायची. वचन फक्त पुरुष सांगतात, पण प्रार्थना बाईही करू शकते, आणि प्रार्थना चालू असताना कोणी मधे बोलत नाही, उठत नाही. करणारा आमेन म्हणतो, बाकीचे सगळे आमेन म्हणतात, म्हणजे तुझं मागणं तेच आमचं. मग पुढचा सुरू करतो. त्या दिवशी दोघातिघांनी केली. मग सावेताचा आवाज आला.

"बापा, मी सावेता. मला नंतर क्षमा मागायला बोलावणार आहेत. त्याआधी तुझ्याशी बोलून घेते, कारण तिथे थोडक्यात बोलायचं आहे. रविवारी गवत गोळा केलं त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. मी पुष्कळ शोधला. रात्री उशीवर शोधला, धार काढताना शोधला, सापडत नाही. खोटा आणून दिला तर यांना चालेल, तुला चालणार नाही.

"तू प्रेम करतोस हे मी लहानपणापासून ऐकते, आणि मी ते मानते. न मानून मला कुठे जायचं आहे? पण त्या दिवशी तुझं प्रेम मला जे दिसलं ते ग्लिगोरदादाच्या हातात दिसलं. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. तुझं एक वचन त्याला पाठ नाही. त्याने खालून बघितलं की ही बाई एकटी आहे, आणि तो काटा घेऊन आला. त्याची कंबर अजून सरळ होत नाही. त्याला बरं कर.

"या खिडकीतून सगळ्यांनी मला बघितलं. तूही बघितलंस. यांना काय वाटलं ते मला कळलं. तुला काय वाटलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी चिडलेली आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या भाकरीची थाळी माझ्या तोंडासमोरून नेली. मला भूक नव्हती असं समजू नकोस.

"माझ्या नवऱ्यावर दया कर. तो चांगलं बोलतो. मी गोठ्याबाहेर उभी राहून ऐकलं आहे.

"आता वर दुसरं गवत वाळलंय. दरीत ढग आहेत, ते तूच आणतोयस. दुपारपर्यंत गंजी झाली तर गाय राहील. काटा आणि दाताळं मी वर ठेवून आले आहे. मी वर उभी राहू शकते, खालून द्यायला एक माणूस पाहिजे. एवढंच मागते. मी आमेन म्हणत नाही, बापा. ज्याला हे पटलं असेल त्याने म्हणावं, आणि म्हणून इथे बसून राहू नये."

ती उठल्याचं ऐकू आलं. खुबा दुखत असला की ती बाकाला धरून उठते, त्या बाकाचा आवाज. मग तिची पावलं, एक टेकलेलं आणि एक ओढलेलं, दारापर्यंत. दार उघडं राहिलं.

आम्ही गुडघ्यांवर. डोळे मिटायचे असतात, पण मी उघडले होते आणि बाकीच्यांचेही उघडेच दिसले. प्रार्थना संपली नव्हती. आमेनशिवाय उठता येत नाही, आणि आमेन म्हणणं म्हणजे होकार देणं. इलारी पुढे गुडघे टेकून होते. त्यांनी तोंड उघडलं, ओठ ओले केले आणि मिटलं. आपलीच दुसरी प्रार्थना सुरू करावी, तर त्यांनाही शब्द सापडेनात. कोणाच्या तरी पायाला कळ लागली आणि फळी करकरली. अनिशोआरा कण्हत होती. मी तेओफिलच्या मागे होतो. त्याची मान ताठ झाली होती, कानांपर्यंत लाल. गळा फुगला. मला वाटलं, पुन्हा अडकला.

"आमेन," तो म्हणाला.

स्वच्छ म्हणाला. अजिबात न अडखळता, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. मग तो उठला, कोटाची बटणं लावली, बायकोची शास्त्राची पिशवी उचलली आणि आमच्या मधल्या वाटेने चालत निघाला. इलारींनी हळूच त्याचं नाव घेतलं. आवाजात धमकी नव्हती, विनवणीच होती. पण आता दारातून बाहेर पाऊल पडलं की वचन सांगायला उभं राहणं या जन्मी विसरायचं, हे दोघांनाही माहीत होतं. तेओफिल थांबला नाही.

त्याच्या आमेनला आमच्यापैकी कोणी आमेन म्हणून उत्तर दिलं नाही. मीही नाही.

पुढचं त्याने मला सांगितलं. तो चढ चढून वर पोचला तेव्हा सावेता खांबाभोवती पहिला थर तुडवत होती. काळा रुमाल काढून तिने कुंपणावर टाकला होता. दरीतला ढग निम्म्या वाटेवर आला होता. तेओफिलने काटा उचलला.

"कोट काढ," ती म्हणाली. "बी लागेल."

त्याने कोट काढून रुमालाशेजारी टाकला आणि पहिला काटा भरून वर दिला. तिने तो खांबाजवळ दाबला, त्यावर चालली आणि खाली वाटेकडे बघत विचारलं, "मागून कोण येतंय?"

तेओफिलने वळून पाहिलं. वाट खाली प्रार्थनाघरापर्यंत सरळ दिसत होती.

"कोणी नाही."

"बरं," सावेता म्हणाली. "मग हात चालव."